सायलेन्सर, आई आणि ८० हर्ट्झ

बरेच दिवस या विषयावर लिहायचं मनात होतं. घरातल्या दोन-तीन जणांना राग येईल म्हणून टाळत होतो. पण गेल्या महिन्यात तिसऱ्यांदा कुणीतरी मला "स्पोर्ट्स कार आहे मामा, आवाज तर येणारच" हे वाक्य ऐकवलं आणि मग राहवलं नाही. तेव्हा ज्यांना राग यायचा त्यांना येऊ दे, दिवाळीत भेटू तेव्हा बघू :)

आधी त्या शब्दाचीच गंमत बघा. सायलेन्सर! ज्याचं कामच आवाज कमी करणं, तो आपल्याकडची पोरं आवाज वाढावा म्हणून विकत घेतात. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १२०वा नियम तर सरळ सांगतो की प्रत्येक गाडीला, अगदी ट्रॅक्टरलासुद्धा, इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराचा आवाज शक्य तितका कमी करणारं साधन हवं, आणि त्याचंच नाव सायलेन्सर. म्हणजे "दणदणीत सायलेन्सर" हे "कोरडं पाणी" म्हटल्यासारखंच झालं. असो.

पण मला बुलेटच्या फटफटीबद्दल लिहायचं नाहीये. त्यावर सगळेच लिहितात. महाराष्ट्रात कितीतरी शहरांत पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर ओळीत मांडून त्यांच्यावर रोडरोलर फिरवला, त्याचे फोटोही आपण सगळ्यांनी पाहिलेत. तो त्रास बाहेरच्या माणसाला होतो, त्यामुळे त्याचा बोभाटा होतो. मला लिहायचंय ते गाडीच्या आत बसलेल्या माणसाबद्दल. त्याच्यासाठी कुणी पावती फाडत नाही.

तर झालं असं. भाच्याने दोन वर्षांपूर्वी सेकंडहँड पोलो जीटी टीएसआय घेतली. चाकणला बनलेली, १.२ लिटर, चार सिलिंडर, टर्बो, १०५ अश्वशक्ती. ज्यांनी खऱ्या स्पोर्ट्स कार पाहिल्यात ते हसतील, पण आमच्या खानदानात आणि आमच्या अख्ख्या गावात ती "स्पोर्ट्स कार"च आहे. आणि खरं सांगायचं तर आपल्या मराठी मुलखात बहुतेकांची स्पोर्ट्स कारची हौस अशाच गाड्यांवर भागली. रांजणगावला बनलेली अबार्थ पुंटो २०१५ साली आली, तिचे १४५ घोडे. चाकणची ही पोलो २०१३ पासून, पुढे २०२० मध्ये तिला तीन सिलिंडरचं इंजिन आलं आणि २०२२ मध्ये ती बंदच झाली. त्यामुळे आता ज्याच्याकडे आहे तो तिला जपतो, सजवतो आणि तिच्यात काहीबाही बदल करतो. भाच्याने पुण्यात एका दुकानात जाऊन पूर्ण एक्झॉस्ट बदलून घेतला. जाड पाइप, मागे चकचकीत डबा, दोन तोंडं.

गावात गाडी आली तेव्हा पोरांनी रेस करून करून आवाज ऐकला. मलाही आवडला, खोटं कशाला बोलू. चार हजार फेऱ्यांना जो खणखणीत सूर लागतो तो ऐकून कुणाचंही मन हलेल. भानगड सुरू झाली ती समृद्धी महामार्गावर.

आमच्या वाशिम जिल्ह्याला समृद्धीने मोठं सुख दिलं. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी हा टप्पा सुरू झाला, आणि ५ जून २०२५ ला शेवटचा टप्पा होऊन ७०१ किलोमीटरचा पूर्ण रस्ता मुंबईच्या दारापर्यंत गेला. कारंजा, शेलूबाजार, मालेगाव, तिन्हीकडून चढता येतं. पूर्वी आईला दवाखान्यासाठी नागपूरला न्यायचं म्हणजे उभा दिवस मोडायचा. आता सकाळी चहा घेऊन निघालं की डॉक्टर यायच्या आत आपण तिथे. आई दर महिन्याला जाते. आणि नेतो कोण? भाचा. गाडी कुठली? तीच.

दुसऱ्या-तिसऱ्या फेरीनंतर आई म्हणाली, "मले नाही जायचं त्या गाडीत. डोक्यात गिरणी चालू हाये असं वाटते रे बाप्पा, दिवसभर." पोरं म्हणाली, आजी, वय झालं. कुणी म्हणालं ब्लडप्रेशर असेल. भाच्याने तर मोबाईलवर आवाज मोजायचं अ‍ॅप लावून दाखवलं, बघा फक्त अडुसष्ट! त्याच्या मागे शेपटासारखं ते वाक्य आलंच, स्पोर्ट्स कार आहे, आवाज तर येणारच.

आता माझं म्हणणं असं की हे वाक्य म्हणजे निदान टाळायची पळवाट आहे. मोठा आवाज ही आवडीची गोष्ट असेल, त्यावर मी वाद घालणार नाही. पण एका ठरावीक वेगाला गाडीत जे घुमतं त्याला इंग्रजीत ड्रोन म्हणतात (आपल्याकडे ड्रोन म्हटलं की आता सोयाबीनवर फवारणी करणारं यंत्रच आठवतं, म्हणून मी आपलं घुमणंच म्हणतो), आणि हे घुमणं म्हणजे दोष आहे. त्याला कारण असतं, जागा असते, आकडा असतो. तो आकडा काढायला माझ्यासारख्या शेतीपंपांच्या इंजिनांत हात काळे केलेल्या माणसाला फारसं अवघड गेलं नाही.

आकडा असा काढायचा. जुनी मंडळी आठवा, विहिरीवरचं ते संथ डिझेल इंजिन मिनिटाला साडेसहाशे फेरे घ्यायचं. एक सिलिंडर, दर दोन फेऱ्यांना एक ठोका. म्हणजे सेकंदाला पाचेक ठोके, आपण बांधावर बसून मोजायचो. गाडीतही तेच, फक्त ठोके इतके जवळ येतात की त्यांचा सूर होतो. चार सिलिंडरच्या इंजिनात दर फेऱ्याला दोन ठोके पडतात. भाच्याच्या गाडीत घुमायचं ते काट्यावर २४०० फेरे असताना. सेकंदाला चाळीस फेरे, म्हणजे ऐंशी ठोके. ८० हर्ट्झ. तीन सिलिंडरची गाडी असती तर त्याच फेऱ्यांना साठ आले असते.

आता एक रिकामा माठ घ्या आणि त्याच्या तोंडाशी तोंड नेऊन खालून वरपर्यंत गुणगुणत जा. एका ठरावीक सुराला माठ एकदम घुमतो, बाकीच्या सुरांना गप्प. गाडीची केबिन हा असाच बंद माठ आहे. छोट्या गाडीत पुढच्या काचेपासून मागच्या काचेपर्यंत अंतर साधारण दोन मीटर. हवेत आवाज सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास धावतो. त्या दोन मीटरमध्ये अर्धी लाट बसली की केबिन घुमते, आणि हिशोब केला तर ती जागा ८५ हर्ट्झच्या आसपास येते. तिकडे पाइपमधून ८० येतायत, इकडे माठ ८५ ला तयार बसलाय. दोघांची गाठ पडली!

आणि यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. अशी अर्धी लाट बंद डब्यात उभी राहिली की हवेचा दाब दोन्ही टोकांना सगळ्यात जास्त हलतो आणि मध्यभागी सगळ्यात कमी. पुढच्या सीटवर बसणाऱ्याचं डोकं गाडीच्या साधारण मध्यात येतं. मागच्या सीटवर बसणाऱ्याचं डोकं मागच्या टोकाला, काचेच्या अगदी जवळ. म्हणजे एकाच गाडीत, एकाच वेळी, भाच्याला जे "थोडंसं" वाटत होतं ते आईला गिरणीसारखं ऐकू येत होतं. ती वाढवून सांगत नव्हती की म्हातारपण बोलत नव्हतं. ती फक्त चुकीच्या टोकाला बसली होती.

त्या अडुसष्टचंही सांगतो. मोबाईलमधली ही अ‍ॅपं आणि बरेचसे मीटर आपल्या कानाच्या सवयीप्रमाणे आवाज तोलतात. कानाला खर्जातलं कमी ऐकू येतं म्हणून मीटर खर्जातला आवाज कमी धरतो. ८० हर्ट्झला तो तब्बल बावीस डेसिबलच्या वर वजा करतो. म्हणजे खरा नव्वदचा घुमारा कागदावर अडुसष्ट दिसतो. आकडा खोटा नाही, पण या दोषासाठी तो आकडाच चुकीचा. ताप आलेल्या माणसाचं वजन करून "तब्येत ठणठणीत" म्हणण्यातला प्रकार. त्यापेक्षा कुठल्या हर्ट्झला आवाज जमा होतोय ते आलेख काढून दाखवणारी फुकटची अ‍ॅपं मिळतात, ती लावा. आम्ही लावलं, तर ८० वर खांबासारखी रेघ उभी!

मग मी वही घेऊन मागच्या सीटवर बसलो आणि शेलूबाजार ते कारंजा असे दोन-तीन फेरे मारले. कुणाला उपयोग होईल म्हणून क्रम लिहून ठेवतो.

पहिलं, आवाज इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर जातो की गाडीच्या वेगाबरोबर ते बघा. वरचा गिअर, मग एक खालचा, मग आणखी एक, प्रत्येक वेळी २४०० वर आणा. वेग वेगळा असूनही घुमणं २४०० लाच येत असेल तर ते इंजिन-एक्झॉस्टचं. फेरे बदलूनही ताशी ११० लाच येत असेल तर टायर किंवा चाकाचं बेअरिंग बघा. समृद्धीच्या काँक्रीटवर झिजलेले टायरही चांगले घोंगावतात, उगाच सायलेन्सरला दोष नको.

दुसरं, त्याच वेगात पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढा. पाय काढताच आवाज बराच मरतो आणि दाबला की उठतो, म्हणजे तो धुराच्या धक्क्यातून येतोय.

तिसरं, मागची काच दोन बोटं खाली करा. घुमण्याचा पोत एकदम बदलला तर केबिनचा माठ त्यात सामील आहे.

चौथं, गाडी उभी करून, थंड झाल्यावर, खाली शिरा. (जॅकवर भरवसा ठेवून नाही! रॅम्पवर किंवा स्टँडवर.) पाइप रबरी हँगरवर लोंबकळत असतो. ते रबर ताणलं किंवा पाइप कुठे पत्र्याला टेकला की पाइपची थरथर सरळ बॉडीत उतरते. टेकण्याच्या जागी घासल्याची चकाकी दिसते. जोडावर काळी काजळी दिसली तर तिथून धूर गळतोय. "झर्रर्र" असा पत्र्याचा आवाज वेगळा असतो, तो बहुतेक ढिल्या हीट शील्डचा.

पाचवं आणि सगळ्यात साधं, मूळ गाडीत काय होतं आणि आता काय नाही ते विचारा.

आमच्या गाडीत दोन गोष्टी निघाल्या. मागच्या आसाजवळ पाइप एका ठिकाणी पत्र्याला टेकत होता. आणि कंपनीच्या एक्झॉस्टमध्ये मध्यावर जो आणखी एक डबा असतो, रेझोनेटर म्हणतात तो, काढून तिथे सरळ पाइप घातला होता. तो डबा बिचारा बाहेरून काही शोभेचा नाही, त्यामुळे तो काढला तरी कुणाला हळहळ वाटत नाही. पण हेच खालचे सूर गिळायला तो तिथे ठेवलेला असतो.

लोक जे उपाय करतात तेही सांगतो. डिकीत चिकट शीट लावतात. ती पत्र्याची खडखड थांबवते, पण ८० हर्ट्झपुढे तिचं फारसं चालत नाही. इतका खालचा सूर अडवायला वजन लागतं, आणि तेवढं वजन गाडीत घातलं तर स्पोर्ट्स कारचा टेम्पो होईल. पाइपच्या तोंडात जाळी किंवा बूच बसवतात. त्याने वरची कर्कश कड बोथट होते, घुमणं बहुतांशी राहतंच. काही जण स्टिरिओ मोठा करतात. यावर काय बोलणार!

खरा उपाय म्हणजे काढलेला डबा परत बसवणं. त्यानंतरही उरलं तर पाइपला एक बंद तोंडाची फांदी जोडतात, वळवून बसवलेली म्हणून तिला जे-पाइप म्हणतात. लाट त्या फांदीत जाते, बंद टोकाला आपटून उलटी येते आणि मूळ लाटेला नेमकी विरुद्ध भेटून तिला मारते. फांदीची लांबी लाटेच्या पाव हिश्शाएवढी लागते. धूर तापलेला असतो, सुमारे ३०० अंशाला त्यात आवाज सेकंदाला ४८० मीटर धावतो. ८० हर्ट्झची लाट सहा मीटर, तिचा पाव म्हणजे दीड मीटर. फांदीतला धूर थोडा थंड असतो, त्यामुळे प्रत्यक्षात दीडपेक्षा थोडी कमीच लागते. म्हणून लांब ठेवून थोडं थोडं कापत जावं. कारागीर समजूतदार हवा, एवढंच.

आमचं काम फांदीपर्यंत गेलंच नाही. हँगर बदलले, पाइप पत्र्यापासून दोन बोटं दूर केला, मधला डबा परत घातला. चार हजाराचा तो खणखणीत सूर अजून तसाच आहे, बरं का! भाच्याची हौस कुठेही गेली नाही. गेली ती फक्त गिरणी. आई आता नागपूरला जाताना कारंजाच्या पुढे चक्क झोपते.

आता मूळ मुद्दा. मला वाटतं, गाडीच्या आवाजाचा निकाल देण्याचा पहिला हक्क मागच्या सीटवर बसणाऱ्याचा आहे. चालवणाऱ्याच्या हातात पाय उचलणं असतं, गिअर बदलणं असतं, त्याला हवा तेव्हा तो आवाज थांबवू शकतो. मागे बसलेल्याच्या हातात काहीच नसतं. आणि लहान गावात मागे बसणारा माणूस बहुधा आजारी, म्हातारा किंवा लहान मूल असतो, कारण लांबचा प्रवास आपण दवाखान्यासाठीच तर करतो. पूर्वी हे घुमणं आमच्याकडे कुणाला कळलंही नसतं. वाशिम-कारंजा रस्त्यावर गाडी दोन मिनिटं एका वेगाला राहील तर शपथ. समृद्धीवर कारला ताशी १२० ची परवानगी आहे, आणि काटा दोन-दोन तास एकाच आकड्यावर चिकटलेला असतो. नेमका तो आकडा २४०० निघाला की मागच्या माणसाची सुटका नाही. रस्ता बदलला, तर गाडी तपासायची रीतही बदलायला हवी.

"ज्याची गाडी त्याची मर्जी" असं कुणी म्हणेल. कायदा तसं म्हणत नाही, हे आधी लक्षात घ्या. आवाजाची मर्यादा मोडली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली पहिल्याच खेपेला दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते आणि लायसन्स तीन महिने जातं. पण कायद्याचं सोडा, तो रस्त्यावरच्या लोकांसाठी आहे. घरातल्या माणसासाठी कायदा लागू नये. आईने "डोकं दुखतं" म्हटल्यावर तिचं वय काढण्याआधी गाडीचे फेरे मोजायला पाच मिनिटंही लागत नाहीत.

म्हणून एक विनंती, विशेषतः पुण्यातल्या आणि नागपुरातल्या सगळ्या भाचे-पुतणे कंपनीला. नवा एक्झॉस्ट बसवायचाय? बसवा. पण दुकानासमोर उभ्या उभ्या रेस करून पसंत करू नका. शक्य असेल तर तसाच एक्झॉस्ट लावलेल्या मित्राच्या गाडीत मागे बसा, दुसऱ्याला चालवायला सांगा आणि रोजच्या वेगाला वीस मिनिटं जा. स्टिरिओ बंद. कानात काही घालायचं नाही. एवढं करूनही आवडला तर खुशाल घ्या. आणि जुना मधला डबा भंगारात देऊ नका, घरी आणून माळ्यावर ठेवा. कधीतरी लागतो.

आणि हो, कुणाच्या गाडीत असं घुमत असेल तर नेमके फेरे, गिअर आणि सिलिंडर किती ते लिहून कळवा. पाव लाटेचा हिशोब मी करून देईन. चहाच्या बोलीवर.